क्यूबखालचा टोस्ट

"फ्रेंच टोस्ट म्हणजे काय मोठं? दूध, अंडी, ब्रेड. रविवारी तुम्ही दोघी नुसत्या टेबलाशी येऊन बसा," असं तो म्हणाला होता, आणि तेवढ्यावर गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "अगं, माझ्या सहीशिवाय या शहरात एक पूल उभा राहत नाही, आणि टोस्ट उभा राहणार नाही होय?" आता पूल त्यानं आयुष्यात एकही उभा केला नव्हता. पुलासाठी कालवलेलं काँक्रीट चौकोनी साच्यात भरायचं, त्याचे ठोकळे पाण्याच्या टाकीत मुरवायचे आणि मग मशीनखाली दाबून कधी फुटतात ते बघायचं, हे त्याचं काम. बाकीचे बांधण्याचा पगार घ्यायचे, तो फोडण्याचा. हा फरक बायकोला माहीत होता, मुलीला तर तोंडपाठ होता, आणि शनिवारी दुपारी बेकरीत "शिळा ब्रेड आहे का?" असं विचारून बेकरीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघताना तो त्यालाही नव्यानं कळला.

"शिळा?" बेकरीवाला म्हणाला. "आमच्याकडे?"

"म्हणजे कालचा चालेल. मुलीनं सांगितलंय, शिळाच लागतो."

"साहेब, माझ्या आजोबांपासूनचं दुकान आहे. हा शब्द या काउंटरवर कुणी काढलेला नाही."

मागे पैसे द्यायच्या रांगेतल्या एका बाईनं आपली पिशवी दाबून बघितली. "मला दिलाय तो ताजा आहे ना हो?" मग तिच्या मागच्यानंही दाबून बघितली. बेकरीवाल्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि शेवटी याच्याकडे असं बघितलं, की यानं मुकाट्यानं अख्खा, न कापलेला, गरम ब्रेड घेतला. "ताजा न्या आणि घरी शिळा करा," बेकरीवाला म्हणाला. "ते तुमच्या हातात आहे."

रस्ताभर तो गरम ब्रेड त्याच्या पोटाशी धरलेला होता आणि त्याच्या उबेनं तो आणखीच वैतागत होता. मुळात ब्रंच ही काय भानगड आहे? धड नाश्ता नाही, धड जेवण नाही. सकाळपासून उपाशी राहायचं आणि अकराला दोन्ही एकदम खायचं, आणि याला म्हणे चैन. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं, म्हणजे सातवा ठोकळा आणि आठवा ठोकळा एकत्र दाबला असता, तर त्यानं त्याला घरी पाठवलं असतं. पण हा पदार्थ त्यानंच निवडला होता. लग्नाच्या वाढदिवसाला ते तिघं एका हॉटेलात गेले होते, खिडकीला जाड पडदे, वेटरचा आवाज लायब्ररीतल्यासारखा. तिथे बायकोच्या पुढ्यात तो टोस्ट आला होता. दोन बोटं जाड, बाहेरून तपकिरी, आत कस्टर्ड. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. किती वेळ मिटले असतील? खूप वेळ. त्यानं तेव्हा तिला हाक मारली होती, "अगं," आणि ती म्हणाली होती, "थांबा हो जरा." थांबा हो जरा! इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे बघून कधी डोळे मिटले नव्हते. मिटले असतील तर कंटाळून. त्या दिवशी त्याला चक्क एका टोस्टचा मत्सर वाटला होता, आणि तो कुणाला सांगणार, लॅबमधल्या हेल्परला? म्हणून गुरुवारी, जेवताना, जेव्हा ते सगळं निघालं, तेव्हा तोंडातून तोच टोस्ट बाहेर पडला.

निघालं म्हणजे असं. बायको फिजिओथेरपिस्ट. पडलेल्या, मोडलेल्या, झटका आलेल्या माणसांना ती परत चालायला शिकवते. दुसऱ्या गावातल्या एका हॉस्पिटलला असा अख्खा विभाग नव्यानं सुरू करायचाय, आणि तो तिनं चालवावा असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं तिथे राहायचं. हे तिनं भाजी वाढता वाढता सांगितलं, जसं कुणी सांगतं की उद्या पाणी उशिरा येणार आहे. "रविवारी दुपारपर्यंत कळवा म्हणालेत." मुलगी एकदम ओरडली, "आई! मस्त!" आणि मग दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे बघितलं. तेच त्याला लागलं. कौतुकानं नाही, रागानं नाही. गॅस बंद केलाय ना, असं दारातून मागे वळून बघतात तसं बघितलं. "तुमचं काय होईल पण?" बायको म्हणाली. "कॉलेज सुरू झालं की हीसुद्धा होस्टेलवर जाणार." आणि तो म्हणाला, "माझं काय व्हायचंय? मी काय लहान आहे?" आणि मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही परवा चहात पाणी घालायला विसरलात." आणि तो म्हणाला, तो टोस्ट. आणि पूल. आणि सही.

बायको हसली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. "रविवारी बघू." त्या 'बघू'त काय होतं हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. लॅबमध्ये बिल्डर लोक येतात, ठोकळे टाकून जातात, तेव्हा तोही त्यांना हेच म्हणतो. बघू.

घरी मुलीनं फोन ओट्यावर उभा करून दिला. त्यात एक बाई होती. तिचं स्वयंपाकघर असं लख्ख, की तिथे कुणी कधी काही खाल्लं असेल असं वाटत नव्हतं. ती बाई दर वाक्यानंतर हसायची. अंडी फोडली, हसली. दूध ओतलं, हसली. क्रीम, साखर, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, दालचिनी, आणि शेवटी दात दाखवून, "झालं की नाही सोप्पं?" त्याच्या पहिल्या अंड्याचं कवच भांड्यात पडलं. ते काढायला त्यानं बोट घातलं तर ते बोटापुढे पळायला लागलं. दुसरं अंडं ओट्याच्या कडेवर आपटलं ते आतल्या बाजूला न फुटता बाहेरच्या बाजूला फुटलं आणि चपलेवर पडलं. ती बाई हसली. "हिला बंद कर," तो मुलीला म्हणाला. "बंद कशाला? तिनं काय केलंय तुमचं?" "हसते ती." "बाबा, ती सगळ्यांना हसते." हे तर आणखीच वाईट.

पण मग मिश्रण गाळून घ्यायची वेळ आली, आणि तिथे त्याचा हात बसला. गाळणं, चाळणं, साच्याला तेल लावणं, कोपरे न सोडता लावणं, ही त्याची कामं. काचेच्या ट्रेला त्यानं असं लोणी फासलं की मुलगी म्हणाली, "बाबा, जमतंय की." त्यावर तो खुलला. त्यानं ब्रेडचे जाड काप कापले, ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून लावले, वरून कस्टर्ड ओतलं, आणि मग बघितलं, तर काप तरंगत होते. वर बुडबुडे येत होते. आता त्या बाईनं सांगितलं होतं, थोडा वेळ भिजू द्या, मग उलटा, मग पुन्हा थोडा वेळ. पण थोडा वेळ म्हणजे काय? थोडा वेळ हे काही माप आहे का? आणि बुडबुडे! ज्या माणसानं आयुष्यभर ताज्या काँक्रीटमधली हवा सळईनं ठोकून ठोकून बाहेर काढली, कारण आत हवा राहिली की ठोकळा कच्चा राहतो, त्याच्यासमोर हे बुडबुडे असे गप्पा मारत बसले होते. त्यानं बायकोच्या विणकामाच्या डब्यातली सुई आणली, धुतली, आणि कापांना टोचायला सुरुवात केली. एका रेषेत, कडेपासून आत, सगळीकडे सारखं. मग लाटण्यानं ट्रेच्या बाजूंना हलके हलके ठोके दिले.

मुलगी दारात उभी होती. "बाबा, हे काय चाललंय?"

"हवा काढतोय."

"कशाची?"

"ब्रेडची. पोकळ्या राहिल्या की ताकद येत नाही."

"बाबा," ती म्हणाली, "हा टोस्ट आहे. याच्यावरून ट्रक जाणार नाहीये."

तरीही काप तरंगतच राहिले. मग त्यानं त्यांच्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर क्यूब ठेवला. क्यूब म्हणजे लॅबमधला एक न फुटलेला ठोकळा, त्याच्या नोकरीतला सगळ्यात चिवट. तो त्यानं घरी आणला होता आणि इतकी वर्षं बेडरूमचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथे असायचा. तो धुतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, ठेवला. ब्रेड खाली गेला. कस्टर्ड वर आलं. त्यानं तो सगळा डोलारा फ्रिजमध्ये ठेवला आणि दार लावलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं. कारण एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती, आणि त्या हसऱ्या बाईला नव्हती. जितका वेळ मुरू द्यावं, तितकं घट्ट होतं. घाई करणाऱ्यांचे पूल पडतात. थोडा वेळ काय, उद्या सकाळपर्यंत राहू दे.

संध्याकाळी बायको आली, पाण्याच्या बाटलीसाठी तिनं फ्रिज उघडला, क्यूब बघितला, फ्रिज लावला. "अहो, बेडरूमचं दार आपटतंय," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी त्यानं क्यूब उचलला, ताटली उचलली. ब्रेड नव्हता. म्हणजे होता, पण इथे पूर्वी नदी होती असं एखाद्या रस्त्याबद्दल म्हणतात तसा. काल तिथे कडा होत्या, कोपरे होते, साली होत्या. आज एक पिवळट, ओलं, एकजीव पठार होतं आणि त्याच्या मधोमध ताटलीचा गोल ठसा. त्यानं उलथनं एका कोपऱ्याखाली सरकवलं आणि उचललं. जे वर आलं ते वर येता येता थबकलं, दोन्ही बाजूंनी वाकलं आणि फतकल मारून परत खाली बसलं. कामावर ताजं काँक्रीट शंकूमधून मोकळं करतात आणि ते किती बसतं ते पट्टीनं मोजतात. इतकं बसलेलं त्यानं एकदाच बघितलं होतं, आणि त्या ठेकेदाराला त्यानं लोकांसमोर झापलं होतं. ठेकेदार म्हणाला होता, "साहेब, पाणी जरा जास्त झालं, माणूस आहे." त्यावर हा काय म्हणाला होता, ते त्याला आता आठवायचं नव्हतं, पण आठवलं. म्हणाला होता, "माणूस असशील, पण मिस्त्री नाहीस."

तो तिथेच उलथनं धरून उभा राहिला. आतल्या खोलीत बायको कपाटातून काहीतरी काढत होती. हँगर सरकल्याचा आवाज. सरकतोय म्हणजे काढतेय की लावतेय? तो ऐकत राहिला. आणि तेव्हा, हातावरून कस्टर्डचा ओघळ मनगटाकडे चाललेला असताना, त्याला एकदम दिसलं की आपण काय करून बसलोय. टोस्ट जमला तर ती जाणार. तिला तेवढंच बघायचं होतं. माणूस आपल्यामागे जेवेल ना, घर पेटवणार नाही ना. जमला तर दोन वर्षं. आणि फसला, पार फसला, धूर झाला, ओरडाआरडा झाला, तर ती कपाळावर हात मारेल, "सरका हो तुम्ही," म्हणेल, पदर खोचल्यासारखी ओट्याशी येईल, आणि राहील. गुरुवारपासून हा माणूस स्वतःच्याच बायकोला गावाला पाठवायला अंडी फेटत होता! आणि वर सुई टोचत होता, कोपरे न सोडता. इतका मूर्खपणा करायला अनुभव लागतो.

म्हणजे आता काहीच करायचं नव्हतं. ट्रे तसाच टेबलावर नेऊन ठेवायचा होता. हा घ्या, पठार. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचा नमुना नापास व्हायला हवा होता. त्यानं ट्रे उचलला. पण मग खाली ठेवला. तव्यात लोणी टाकलं. नाही, म्हणजे टाकलं कशाला? त्याचं त्यालाही कळेना. पण समोर काहीतरी बसत चाललंय आणि आपण हात बांधून बघतोय हे त्याच्या हातांना जमेना. डोकं म्हणत होतं, बिघडू दे. हात म्हणत होते, अरे निदान एक तरी उभा राहू दे. त्यानं पठारातला एक चौकोन सुरीनं कापला, दोन उलथनी दोन बाजूंनी घातली आणि तव्यात सोडला. तो पसरला. त्यानं कडा आत ढकलल्या. त्या परत आल्या. मग डब्याचं गोल झाकण कापून केलेलं एक पत्र्याचं कडं त्याला सापडलं, ते त्यानं बांध म्हणून भोवती लावलं, आणि बांधाखालून कस्टर्ड वाहून गॅसवर गेलं, आणि चर्र झालं, आणि वास सुटला, करपलेल्या साखरेचा. "बाबा, काही हवंय का?" मुलगी बाहेरून म्हणाली. "काही नको!" तो इतक्या जोरात ओरडला की आतला हँगरचा आवाज थांबला.

अकरा वाजून गेल्यावर तो टेबलाशी आला. प्लेटमध्ये एक वस्तू होती. एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं पांढरी, मधे थरथरणारी. वर मुलीनं स्ट्रॉबेरी ठेवल्या तर त्यातली एक हळूहळू आत गेली. तिघंही ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मुलीनं ओठ दाबून धरले होते. तिचे खांदे हलत होते. तो खुश होता. वैतागानं त्याचा जीव चालला होता, पण आत कुठेतरी, त्या पांढऱ्या बाजूला, तो खुश होता. याहून फसणं शक्य नव्हतं. आता ती कपाळावर हात मारेल.

बायकोनं काट्यानं एक घास तोडला. तोडला कसला, उचलला. तोंडात घातला. डोळे उघडेच होते. ते त्याच्यावर होते. आणि मग ती म्हणाली, "छान झालंय."

"काय?"

"छान झालंय हो. पहिल्यांदा केलंत ना? मस्त जमलं की."

हा आवाज त्यानं ऐकलेला होता. एकदा तिची छत्री द्यायला तो तिच्या विभागात गेला होता तेव्हा. एक आजोबा दोन दांड्यांच्या मधे उभे होते, पाय लटलट कापत होते, आणि ही त्यांच्यापुढे उलटी चालत होती आणि म्हणत होती, "छान, मस्त जमलं की, बघा, आणखी एक." आणि आजोबा पडायला आले होते, सगळ्यांना दिसत होतं, आणि ही हसून म्हणत होती, छान. दारात उभं राहून तेव्हा त्याला अभिमान वाटला होता. काय बाई आहे, असं वाटलं होतं. आणि मग त्यानं हेही बघितलं होतं, की आजोबांच्या कोपराखाली असलेला तिचा हात आता तिथे नाही. तो तिनं केव्हा काढला ते त्याला दिसलं नव्हतं. आजोबांनाही कळलं नव्हतं.

"नाही जमलं," तो म्हणाला.

"जमलंय."

"अगं, नाही जमलं! आतून कच्चं आहे. हे बघ. हे बघ ना." त्यानं स्वतःचा काटा तिच्या प्लेटमध्ये घातला आणि ते उकरून दाखवलं. "ही बाजू करपलीय. इथे तर नुसतं दूध आहे. हे फेल आहे. मी तीस वर्षं हेच करतोय, मला कळत नाही का? हे कुठल्याही मापानं फेल आहे!"

"बाबा, तुम्ही बाजू कुणाची घेताय?" मुलगी म्हणाली.

"तू गप बस. हिला सांग, खाऊ नकोस म्हणावं."

"मला आवडलंय," बायको म्हणाली, आणि खात राहिली. करपलेली बाजू, पांढरी बाजू, बुडालेल्या स्ट्रॉबेरीसकट. तिनं सगळं संपवलं. लॅबमध्ये तो मशीनवर दाब वाढवत न्यायचा तेव्हा शेवटच्या क्षणी ठोकळ्यातून एक बारीक आवाज यायचा, फुटण्याच्या आधीचा. तो ऐकायला तो कान देऊन उभा राहायचा. आता तसा कुठलाच आवाज येत नव्हता. फक्त तिचा काटा प्लेटवर वाजत होता. "तुम्हाला कांदा चिरता येतो," ती खाता खाता म्हणाली. "भात कुकरला लावता येतो. कपड्यांचं मशीन मी दाखवून ठेवते. बाकी शेजारच्या काकू आहेत." आणि तोंड पुसून, "होईल हो तुमचं."

"अगं, चहात पाणी..." तो म्हणाला.

"शिकाल."

मुलगी आता हसत नव्हती. ती उठून बापाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि उगीचच त्याच्या खांद्यावर सांडलेला साखरेचा कण झटकत राहिली, एकच कण, बराच वेळ. बायको पाणी प्यायली आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. तिनं जाळीचं दार लोटून घेतलं होतं तरी आत सगळं ऐकू येत होतं. "हो. हो, मीच बोलतेय. हो, ठरलं माझं." मग ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाही, घरचं काही नाही. घरी ते व्यवस्थित आहेत."

व्यवस्थित माणसं काय करतात? भांडी घासतात. तो उठला. "मी करते बाबा," मुलगी म्हणाली. "काही नको," तो म्हणाला, आणि या वेळी ओरडला नाही. तवा, उलथनी, प्लेटा त्यानं नीट एका बाजूला लावल्या. पठार अर्ध्याहून जास्त उरलं होतं. ते त्यानं सिंकमध्ये ओतलं, उलथन्यानं कोपरे न सोडता खरवडून काढलं, आणि सगळं स्वच्छ वाहून जावं म्हणून वरून किटलीभर उकळतं पाणी सोडलं.

कस्टर्ड पाइपात उतरलं आणि तिथे ते शिजून घट्ट झालं.